हिरव्या पडद्यांची मोटार

गणोजी सुताराने लॉरीच्या तोंडाला ओंडका बसवला तेव्हा साऱ्या धार शहरात त्याची वाहवा झाली. आणि का होऊ नये? जर्मनाची लढाई संपून चारेक वर्षं झाली होती. महूच्या छावणीत मोडीत निघालेली एक लष्करी लॉरी तात्यासाहेबांनी उतारूंच्या धंद्यासाठी आणली, ती म्हणजे नुसती चार चाकं, इंजिन आणि लोखंडी सांगाडा. बसायला फळकूट नाही, डोक्यावर छप्पर नाही. गणोजीचे आजोबा दरबारच्या रथखान्यात होते, बाप पालख्यांचे दांडे करायचा. घराण्यात मोटार कोणी पाहिलेली नव्हती, पण लाकूड ते लाकूड! तीन महिन्यांत गणोजीने त्या सांगाड्यावर सागाची पेटी चढवली. आमनेसामने बाकं, वर सामानाला कठडा, मागे चढायला पायरी. अठरा माणसं ऐसपैस बसत. सकाळी धारेहून निघायचं, इंदुरात घटकाभर थांबायचं आणि दुपार कलताना देवासला उतरायचं. लोक नुसते बघायला जमायचे. "भिया, ये तो चलता-फिरता घर है," असं म्हणून पेटीला हात लावून जायचे.

खोड एकच होती. रस्ता बैलांचा होता आणि बैलांना ते ठाऊक होतं. एकदा एक मस्तवाल गोऱ्हा समोरून आला, त्याने इंजिनापुढच्या पाण्याच्या जाळीत शिंग घुसवलं आणि अठरा माणसं दिवस मावळेतो बाभळीखाली बसून राहिली. तात्यासाहेबांचा पारा चढला. "गणोजी, काहीतरी कर बुवा, नाहीतर ही लॉरी मी बैलांनाच ओढायला देतो," ते म्हणाले.

मग गणोजीने तो ओंडका केला. जुना साग, मांडीएवढा जाड, लॉरीच्या रुंदीहून दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर, टोकांना लोखंडी पट्ट्या. सांगाड्याला सहा बोल्टांनी असा जखडला, की हत्तीनेही उपटू नये. उंची ठेवली बैलाच्या छातीएवढी. खाली लावला तर जनावर वरून जाळीवर कोसळणार, वर लावला तर खालून शिरणार. बैलाला कुठे अडवायचं हे गणोजीने गोठ्यात जाऊन, बैलाशेजारी उभं राहून ठरवलं होतं. त्यानंतर लॉरीने दोन म्हशी, एक छकडा आणि धारेबाहेरच्या वळणावरचं एक लिंबाचं झाड अंगावर घेतलं, पण आत बसलेल्याच्या टोपीलासुद्धा धक्का लागला नाही. दसऱ्याला लोकांनी इंजिन सोडून ओंडक्याला हळदकुंकू वाहिलं. गणोजी वरून "राहू द्या हो" म्हणत होता, पण आतून त्याला गुदगुल्या होत होत्या.

गणोजीला मुलगी एकच, सीता. ती देवासला दिलेली. जावई शिवाजीराव तिथल्या एका सरदाराकडे, भैयासाहेबांकडे, मोटारीवर ड्रायव्हर. लग्नाला नऊ वर्षं झाली, नवस झाले, उपास झाले, आणि आता कुठे सीतेची कूस उजवली होती. आठवा पुरा होऊन नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कोणी सांगायला लागत नाही. गणोजीने कार्ड टाकलं : गुरुवारच्या लॉरीने येतो, शुक्रवारी सीतेला घेऊन निघतो. बायकोने, उमाबाईने, दोन गोधड्या बांधून दिल्या. "मधल्या बाकावर बसवा तिला, चाकावर नको. आणि त्या बापूला सांगा, हळू हाक म्हणावं. नऊ वर्षांनी हा दिवस आलाय," असं तिने निघताना तीनदा बजावलं.

आता लपवाछपवी कशाला करायची? पुढे काय झालं ते सरळच सांगितलेलं बरं. कार्ड देवासला पोचलं आणि भैयासाहेबांच्या बाईसाहेबांच्या कानावर गेलं. बाईसाहेब मनाच्या मोठ्या. त्या म्हणाल्या, "पहिलटकरणीला त्या लॉरीत कोंबून नेणार? हाडं खिळखिळी होतील पोरीची! शिवाजी, आमची मोटार घेऊन जा. बापाला रस्त्यातच गाठा, तोही बसेल मोटारीत." ही मोटार लहानशी होती, वर कापडी टप, स्प्रिंगा अशा की झोपाळ्यात बसल्यासारखं वाटावं. बाईसाहेब गोशात असल्यामुळे मागच्या बैठकीला चारी बाजूंनी हिरवे पडदे. देवासात ज्याला त्याला वाटलं, पोरीचं नशीब उघडलं. मऊ गादीची, श्रीमंताची गाडी, तिच्यात कसली आलीय भीती? मला विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

म्हणजे गुरुवारी दुपारी सीता हिरव्या पडद्यांच्या मोटारीत बसून निघाली होती, आणि बाप सागाच्या लॉरीत बसून तिला आणायला चालला होता. रस्ता एकच होता. बापाला मात्र ह्याचा पत्ता नव्हता.

लॉरी हाकायला बापू होता. बापू मूळचा पागेतला कोचवान, वीस वर्षं दरबारच्या बग्ग्या हाकलेला. मोटार शिकला खरा, पण रीत जुनी सोडली नाही. चढ आला की लॉरीला "चल गं माझी बाय" म्हणायचा आणि वळणावर जीभ टाळ्याला लावून टक्‌टक् करायचा. गणोजी त्याच्या शेजारी पुढच्या बाकावर बसला होता. इंदूर मागे पडलं होतं, शिप्रा गाव यायचं होतं. दोन्ही बाजूंना काळी रानं, हरभरा घाट्यावर आलेला, ऊन कललेलं. गणोजी नातवासाठी पाळणा कसला करायचा ते सांगत होता. त्याच्या मते शिसवाचा.

"आणि नात झाली तर?" बापूने विचारलं.

"मग काय चिंचेचा करू? शिसवाचाच!"

दोघेही हसले. इतक्यात समोरून धुरळा उठला आणि धुरळ्यातून हिरवे पडदे दिसले.

गोशाची रीत त्या मुलखात सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेली. सरदाराघरच्या बायकांची गाडी समोर आली की पुरुषाने तोंड फिरवायचं. पायी असला तर रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ करून उभं राहायचं, गाडीत असला तर मान वळवून रानाकडे बघायचं, गाडी पुढे जाईतो. हे काही कोणी मोजूनमापून करत नसे. डोळ्यापुढे चिलट आलं की पापणी मिटते ना, तसं होऊन जायचं. बग्गी हाकत असताना ते चालूनही गेलं होतं. घोड्यांना डोळे असतात. कोचवानाने मान फिरवली तरी घोडे आपले बाजूने जायचे.

बापूने हिरवे पडदे पाहिले आणि डावीकडे मान फिरवली. वीस वर्षांची सवय, दुसरं काय? गणोजीनेही फिरवली. मागे बाकांवर ज्यांनी ज्यांनी बाहेर पाहिलं त्या सगळ्यांनी फिरवली. इंजिनाला कुठले डोळे? मान डावीकडे गेली आणि तोल सावरायला बापूने हातातलं चाक धरून ओढलं, ते उजवीकडे. लॉरी हळूच, काही कुरकुर न करता, रस्ता ओलांडून पलीकडे निघाली. आणि अठराच्या अठरा जण अगदी अदबीने हरभऱ्याकडे बघत होते.

मग एक हिसका बसला. खरं सांगायचं तर हिसकाही नव्हे, रस्त्यातल्या दगडावरून छकड्याचं चाक जावं तेवढंच. गणोजीचा गुडघा समोरच्या फळीला लागला. मागे एका मालवी म्हातारीने मांडीवर दह्याची हंडी धरली होती, ती हंडीसुद्धा हिंदकळली नाही. "कंई हुयो रे?" म्हणून तिने विचारलं. लॉरी उभी राहिली. इंजिन आपलं धडधडत होतं, काही घडलंच नाही अशा थाटात.

गणोजी खाली उतरला आणि त्याने पाहिलं.

सुतारकामात त्याने झाडं पडताना पाहिली होती, पावसाने घरं बसलेली पाहिली होती. पण असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. मोटार म्हणून जी काही वस्तू होती ती चुरगळलेल्या पत्रावळीसारखी लॉरीच्या तोंडाशी पडली होती. ड्रायव्हरने शेवटच्या क्षणी तिला खड्ड्याकडे ओढलं होतं, म्हणून तिचं नाक खाली चरात गेलेलं आणि मागचा उजवा भाग वर आलेला. एक चाक हवेत फिरत होतं. टपाच्या कमानी मोडून आत वळल्या होत्या. आणि त्याचा ओंडका, त्याचा स्वतःचा सागाचा ओंडका, मागच्या बैठकीच्या बाजूने सरळ आत शिरून हिरव्या पडद्यांमागे गेला होता. दाराच्या वरून. मोटारीचं सगळं लोखंड त्याच्या खाली राहिलं होतं. वर काय होतं, तर कापड आणि माणूस.

इकडे इवलासा हिसका आणि तिकडे हे! एकाच टकरीची ही दोन टोकं, हे त्याच्या बुद्धीला पटेना. तो आ वासून बघत राहिला. जड वस्तू हलकीला मारते हे त्याला ठाऊक होतं, रोज हातोडा चालवणाऱ्याला ते ठाऊक असतंच. पण हातोड्याच्या आत बसून ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यात, देवाशपथ सांगतो, त्याच्या हाताने सवयीने काम केलं. त्याने ओंडक्याचे बोल्ट चाचपले. सहाच्या सहा जागच्या जागी. सागाला केसाएवढी चीर नाही. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला बरं वाटलं. पुढे कित्येक वर्षं गणोजी त्या क्षणाबद्दल स्वतःला शिव्या घालत असे.

लोक भराभरा उतरले. तिघेचौघे चरात उडून पडलेल्या ड्रायव्हरकडे धावले. तो पालथा पडला होता, फेटा सुटून मानेवर आलेला. मोटारीच्या पडद्याला मात्र कोणी हात लावेना. आत सरदाराघरची बाई! पडदा कोण उचलणार? "बाईमाणूस बोलवा कोणीतरी, बाईमाणूस!" बापू ओरडत होता. लॉरीत बाईमाणूस एकच, ती हंडीवाली म्हातारी, आणि ती मागच्या बाकावरून हंडी सांभाळत एकेक पायरी उतरत होती. "जरा थमो रे भिया, पग दुखे म्हारो," म्हणत होती. बाकीचे पुरुष रानाकडे तोंड करून उभे राहिले. गणोजीही राहिला. पडदा त्याच्यापासून दोन हातांवर होता. आतून काही आवाज येत नव्हता. पन्नास आकडे मोजावेत इतका वेळ तो पाठ करून उभा होता आणि मनात म्हणत होता, देवा, कोणाची कोण असेल बिचारी, वाचव तिला.

"जिवंत आहे, जिवंत आहे!" चरातून कोणीतरी ओरडलं. ड्रायव्हरला उताणा केला होता. त्याचा उजवा हात खांद्यापासून भलतीकडेच लोंबत होता. त्याने डोळे उघडले आणि पहिला शब्द उच्चारला तो "सीता."

गणोजीने आवाज ओळखला.

"गाडीत सीता आहे," शिवाजीराव म्हणाले. "बाईसाहेब नाहीत हो, सीता आहे."

मग काय झालं ते गणोजीला पुढे नीटसं सांगता येत नसे. त्याने पडदा उचलला नाही, फाडला. आत ओंडक्याचं टोक बाईसाहेबांच्या गादीत रुतून बसलेलं. गादीची पाठ फाटून आतले घोड्याचे केस न् काथ्या बाहेर आलेले. गादीवर पितळेचा एक मोठा डबा होता. बाईसाहेबांनी उमाबाईसाठी भेट पाठवली होती ती. त्या डब्याची पुरी झाली होती. चांगला जाड पितळी डबा, लाटून काढावा तसा ओंडका आणि पाठ यांच्यामध्ये चपटा झालेला. बसलेल्या माणसाची छाती जिथे असते तिथे तो डबा होता.

सीता गादीवर नव्हती.

"सीते!" गणोजी ओरडला.

"आबा," खालून आवाज आला. "आबा, मी इथं आहे."

ती खाली होती. पाय ठेवायच्या जागेत, मोटारीच्या तळाशी, अंगाचं मुटकुळं करून, पोटाभोवती दोन्ही हात धरून बसली होती. केसांत काथ्या, कपाळाला खोक पडून रक्त आलेलं. ओंडका तिच्या डोक्यावरून वीतभर वर होता. तिच्या भोवती मोटारीचं लोखंड चेपलं होतं, वाकलं होतं, पण तुटलं नव्हतं. पेटीतल्या गणपतीसारखी ती त्यात सुखरूप बसली होती.

"पोरी, अगं पोरी, तू खाली गं कशी?" गणोजीला रडू फुटलं.

सीतेने बापाकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला. "बाईसाहेबांच्या गादीवर मी कशी बसू, आबा?" ती म्हणाली. "हे म्हणत होते बस, बस. पण मला नाही बाई धीर झाला. भेटीचा डबा ठेवला गादीवर आणि मी बसले खाली. देवासपासून पाय अवघडून गेलेत माझे."

हंडीवाली म्हातारी तोवर येऊन पोचली होती. तिने गादी पाहिली, डबा पाहिला, सीतेकडे पाहिलं आणि हातातली हंडी रस्त्यात ठेवून तिथेच हात जोडले. ओंडक्याला जोडले, की गादीला, की पोरीला, कोण जाणे. बापू तर खाली बसून हमसून हमसून रडत होता. "मी तोंड फिरवलं हो, मी तोंड फिरवलं," एवढंच त्याला येत होतं. गणोजीने त्याला एक शब्द लावला नाही. कोणत्या तोंडाने लावणार? त्याने स्वतः तरी काय केलं होतं?

मोटारीचा पत्रा पहारीने फाकवून सीतेला बाहेर काढायला तास गेला. गणोजीच पहार धरून होता. त्याच लॉरीत, त्याच मधल्या बाकावर, उमाबाईच्या गोधड्यांवर तिला निजवलं, शिवाजीरावांना समोरच्या बाकावर, आणि लॉरी उलटी इंदुरास फिरवली. वाटेत सीतेने एकदा बापाचा हात घट्ट धरला. "आबा, आतलं हलत नाही," ती हळूच म्हणाली. नऊ वर्षांचे नवस त्या बाकावर पडले होते. गणोजीने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने सीतेच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि तसाच ठेवून बसली. मैल गेला, दोन मैल गेले. लॉरीत आता वीस माणसं होती, पण खोकलासुद्धा कोणाला आला नाही. तिसऱ्या मैलाला म्हातारीने डोळे उघडले आणि तोंडभर हसली. "लात मारी!" ती म्हणाली. "असी लात मारी रे, के कंई केऊं!" सगळी लॉरी एकदम बोलायला लागली. कोणी रामनाम घेतलं, कोणी नाक शिंकरलं. बापूने पुढून "काय झालं, काय झालं?" म्हणून विचारलं, पण मागे वळून मात्र पाहिलं नाही. रस्त्यावरची नजर त्याने इंदूर येईपर्यंत हलवली नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यात सीता बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. शिवाजीरावांचा हात डॉक्टरांनी फळ्या बांधून ठेवला, पण खांदा काही पहिल्यासारखा होणार नव्हता. ड्रायव्हरी संपली. भैयासाहेबांनी त्यांना कोठीवर कारकुनी दिली. मोटारीबद्दल तर कोणी चकार शब्द काढला नाही. उलट बाईसाहेबांनी पोरीसाठी कुंची धाडली.

चौकशीला एक ओव्हरसियर आले, चिंतामणराव. माणूस सज्जन, टेप घेऊन रस्ता मोजला, चाकांच्या खुणा मोजल्या. मग साक्षी घ्यायला बसले. लॉरीत माणसं किती? अठरा. टक्कर कोणी पाहिली? कोणी नाही. चिंतामणरावांनी चष्मा काढून पुसला. अठरा माणसं उघड्या डोळ्यांनी बसलेली आणि एकानेही पाहिलं नाही? "गोशाची मोटार होती साहेब," लोक म्हणाले. "बघणार कोण?" चिंतामणराव बराच वेळ दौतीत टाक बुडवून बसले. शेवटी ते गणोजीला म्हणाले, "मला एक सांगा, लॉरीतल्या एकालाही ओरखडा नाही आणि मोटारीचा असा चेंदामेंदा, हे कसं?" गणोजीने त्यांना ओंडका दाखवला. त्यांनी हात फिरवून पाहिला. "काम मात्र नामी केलंय तुम्ही," ते म्हणाले.

सव्वा महिन्याने तात्यासाहेब गणोजीच्या घरी आले. बारसं होऊन गेलं होतं, मुलीचं नाव सरला ठेवलं होतं. बाळंतिणीची बाज पडवीतच होती, खाली शेगडी सरकवता यावी म्हणून विटा देऊन उंच केलेली. सीता बाजेवर बसली होती, मुलगी तिच्या छातीशी झोपलेली. तात्यासाहेब म्हणजे वडीलधारे, तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. तात्यासाहेबांनी मुलीच्या हातावर चांदीचा वाळा ठेवला आणि गणोजीकडे वळले.

"दोन नव्या लॉऱ्या घेतोय," ते म्हणाले. खुशीत होते. "एक बागलीकडे काढतो, एक नेमावरपर्यंत. पेट्या तुझ्याच. आणि ओंडके तर पाहिजेतच! अरे, त्या दिवशी अठरा माणसं तुझ्या ओंडक्याने वाचली. लोक लॉरीत चढताना विचारतात, गणोजीचा ओंडका आहे ना? असेल तर बसतात."

गणोजी म्हणाला, "पेट्या करीन. ओंडका नाही करायचा."

"का रे बाबा?"

"नाही करायचा."

"अरे, पण कारण? अठरा माणसं, गणोजी! अठरा!"

सीता बाजेवरून ऐकत होती. तिला त्या दिवसातलं फार थोडं आठवत होतं. आवाज, अंधार, डोक्यावर काहीतरी जाड लाकूड. ते कुठलं, कोणी केलेलं, हे घरात तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने बापाकडे पाहिलं.

"आबा, तो ओंडका तुम्ही केलेला होता?"

गणोजीने होकाराची मान हलवली.

"कुठं लागला असता मला? वर बसले असते तर?"

गणोजीला शब्दांत सांगणं जमेना. शब्द त्याला कधीच जमत नसत, माप जमत असे. तो उठला, बाजेजवळ आला, खाली वाकून त्याने कोपर जमिनीला टेकवलं आणि ओंडक्याची उंची मोजायला सुरुवात केली. एक हात. दोन हात. त्याच्यावर चार बोटं. आणि तळवा आडवा करून हवेत धरला, तसाच, सरळ.

तो बरोबर सरलेच्या डोक्याशी आला होता. तिच्या टाळूवरचं जावळ त्याच्या बोटांना लागत होतं.

सीता हलली नाही. एकदा तिने तळव्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"आबा," ती म्हणाली, "हात काढा तिथनं."